जँगोच्या डॉक्समध्ये हात घालायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आम्ही काही जण शनिवारी सकाळी एकत्र बसून जँगो या वेब फ्रेमवर्कच्या (पायथॉनमध्ये संकेतस्थळं बांधायच्या तयार सांगाड्याच्या) डॉक्युमेंटेशनवर, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांवर, थोडक्यात ‘डॉक्स’वर, काम करतो. कोणी नौपाड्यातलं, कोणी घोडबंदरचं, कोणी ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोली-घणसोलीहून येणारं. नवीन माणूस आला की प्रश्न तेच, व्हॉट्सॲपवरही तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रमाने वाचायची सक्ती नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्स सुधारायचे म्हणजे नक्की काय? इंग्रजीच्या चुका काढत बसायचं का?

चुका दिसल्या तर काढाच. पण जँगोच्या डॉक्समध्ये चुकीचं क्वचित सापडतं, राहून गेलेलं पुष्कळ सापडतं. तारखेच्या फील्डला ‘ऑटो नाऊ’ हा पर्याय लावला की रेकॉर्ड सेव्ह होताना तारीख आपोआप बदलते. क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून निवडलेल्या नोंदींच्या संचावर) थेट ‘अपडेट’ चालवलं तर मात्र ती बदलत नाही, कारण तिथे मॉडेलची ‘सेव्ह’ मेथड चालतच नाही. आज हे संदर्भाच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. ते लिहिलेलं नसतं तर किती जण रात्री लॉग चाळत बसले असते याची कल्पना करा. अशी राहून गेलेली वाक्यं शोधणं हे आपलं मुख्य काम.

बाकी किरकोळ पण उपयोगी कामंही असतात: उदाहरणात इम्पोर्टची ओळ नसणं, इशारा पानाच्या तळाशी असणं, एकाच विषयावरच्या दोन पानांना एकमेकांचा पत्ता नसणं.

२. इतकी फ्रेमवर्क्स आहेत, मग जँगोच का?

आमच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट त्यावर चालतं, हे प्रामाणिक उत्तर. शिवाय जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतलं, जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि २००८ मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं. डॉक्सकडे कोडइतक्याच गंभीरपणे बघण्याची सवय तिथे पहिल्यापासून आहे. नवीन सुविधा डॉक्सशिवाय आणि टेस्टशिवाय आत घेतली जात नाही. डॉक्स हा शेवटी उरकायचा उपचार मानणाऱ्या कंपन्यांत आम्ही दिवस काढलेत, त्यामुळे या गोष्टीचं अप्रूप जास्त.

३. मला जँगो धड येत नाही. मी काय सुधारणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा माणूस आम्हाला सगळ्यात जास्त हवा असतो.

पाच वर्षं जँगोत मुरलेल्या माणसाला ट्यूटोरियल वाचताना अडखळायलाच होत नाही. त्याचा मेंदू न लिहिलेली वाक्यं परस्पर भरून काढतो. तुम्हाला ते जमत नाही, आणि तेवढ्यापुरतं ते फार मोलाचं आहे. फक्त हे फार दिवस टिकत नाही. एखादी गोष्ट एकदा कळली की ती आधी का कळत नव्हती हे आठवता आठवत नाही. म्हणून ठेच लागेल त्याच दिवशी लिहून ठेवा.

जँगोच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्ये ‘पोल्स’ नावाचं मतदानाचं छोटं अ‍ॅप आठ भागांत बांधलं जातं. नव्या माणसाला आम्ही तेच देतो आणि सोबत वही ठेवायला सांगतो. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कुठलं वाक्य वाचत होतात, काय होईल असं वाटलं, प्रत्यक्षात काय झालं. डिप्लोमाला असलेली एक मुलगी दुसऱ्या भागात अडली. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल नोंदवणारी फाइल) बनवायची आज्ञा दिली तर ‘पोल्स’ लेबलाचं अ‍ॅपच इन्स्टॉल नाही, असं उत्तर आलं. तिने वहीत लिहिलं, “अ‍ॅप तर मी बनवलंय, फोल्डर दिसतोय. इन्स्टॉल नाही म्हणजे काय?” हा प्रश्न अनुभवी माणसाला सुचणारच नाही. अ‍ॅपचं नाव सेटिंग्जमधल्या यादीत घालायचं राहिलं होतं आणि ट्यूटोरियलमध्ये ते सांगितलेलं होतं. म्हणजे तिच्या नोंदीतून लगेच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल आत घ्या अशी विनंती) निघाला नाही. पण अशा नोंदी साठत गेल्या की कुठला परिच्छेद लोक डोळ्यांआड करतात ते कळतं. अडखळलेली प्रत्येक जागा म्हणजे डॉक्सची चूक नव्हे. ते कसं ठरवायचं यासाठी प्रश्न ९ पाहा.

४. माझं इंग्रजी यथातथाच आहे. लोक हसतील का?

नाही. वाक्य लहान आणि अर्थ एकच, एवढं जमलं की पुरे. बाकीचं रिव्ह्यू करणारे सुचवतात. खरं सांगायचं तर मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे बऱ्याचदा बरं लिहितात. ऑफिसच्या ईमेलमध्ये मुरलेली मंडळी जास्त अडचणीत येतात, कारण त्यांच्या हातून ‘काइंडली नोट’ सुटत नाही.

शैलीचे थोडे नियम मात्र आहेत. ‘सिम्पली’, ‘जस्ट’, ‘ईझिली’ हे शब्द टाळायचे, कारण जे तुम्हाला सोपं वाटतं त्यावर वाचणारा तासभर अडकलेला असू शकतो. नमुन्यातल्या वापरकर्त्याला ‘ही’ किंवा ‘शी’ न म्हणता ‘दे’ म्हणायचं. स्पेलिंग अमेरिकन: शाळेत आपण ‘ऑर्गनाइझ’मध्ये एस घालायला शिकलो, इथे झेड. शीर्षकात फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने. ‘ईमेल’मध्ये जोडरेघ नाही. हे पाठ करायची गरज नाही, जँगोच्या डॉक्समध्येच ‘डॉक्युमेंटेशन कसं लिहावं’ यावर पान आहे. ते एकदा वाचून काढा.

५. डॉक्स असतात कुठे? आणि माझं वाक्य कुठल्या पानावर जाईल?

जँगोच्या कोडबरोबरच, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या त्याच रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या साठ्यात), ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये. फाइलींची नावं ‘डॉट टीएक्सटी’ने संपतात म्हणून नोटपॅडचा साधा मजकूर समजू नका. आत रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट असतं (प्रश्न ७), आणि स्फिंक्स हे टूल त्यातून पानं तयार करतं. स्फिंक्स मुळात पायथॉनच्या स्वतःच्या डॉक्ससाठी लिहिलं गेलं होतं.

कुठल्या पानावर, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पीआर परत येण्याचं मोठं कारण चुकीची जागा हेच असतं. डॉक्सचे मुख्य चार कप्पे आहेत. ट्यूटोरियल नवख्याचा हात धरून नेतं, तिथे पर्यायांची चर्चा करत बसायचं नाही. टॉपिक गाइड एखादी संकल्पना समजावतं, तिथे ‘का’ला जागा आहे. हाऊ-टूमध्ये ठरावीक काम कसं करायचं याच्या पायऱ्या असतात आणि वाचणाऱ्याला मूलभूत गोष्टी येतात असं धरलेलं असतं. रेफरन्समध्ये कोरडी, नेमकी माहिती: पर्याय काय, डीफॉल्ट काय, अपवाद काय.

समजा, संबंधित टेबलांतला डेटा आणताना ‘सिलेक्ट रिलेटेड’ वापरायचं की ‘प्रीफेच रिलेटेड’, यात तुमचा गोंधळ झाला. पहिलं एसक्यूएल जॉइन लावून सगळं एकाच क्वेरीत आणतं. दुसरं प्रत्येक नात्यासाठी वेगळी क्वेरी टाकतं आणि जुळवणी पायथॉनमध्ये करतं. हा फरक रेफरन्समध्ये नेमका हवा. कुठल्या प्रसंगी काय निवडावं याची चर्चा टॉपिक गाइडमध्ये शोभेल. ट्यूटोरियलमध्ये यातलं काहीच नको, कितीही मोह झाला तरी.

६. माझ्या लॅपटॉपवर डॉक्स बिल्ड कसे करायचे?

रिपॉझिटरी फोर्क करून (गिटहबवर स्वतःची प्रत घेऊन) क्लोन करा, म्हणजे लॅपटॉपवर उतरवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन घ्या, नाहीतर २००५ पासूनचा सगळा इतिहास उतरत बसेल. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनचा वेगळा कप्पा) बनवून पिप या इन्स्टॉलरने स्फिंक्स टाका, ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये जा आणि ‘मेक एचटीएमएल’ चालवा. विंडोजवर ‘मेक डॉट बॅट’ असतं. तयार पानं ‘अंडरस्कोर बिल्ड’मधल्या एचटीएमएल फोल्डरमध्ये मिळतात. पहिलं बिल्ड वेळखाऊ, तेवढ्यात चहा होतो. नंतर फक्त बदललेल्या फाइली बनतात.

‘मेक स्पेलिंग’ चुकीची स्पेलिंग दाखवतं. त्यासाठी एनचँट ही लायब्ररी लागते आणि ती बसवताना बऱ्याच जणांचं घोडं अडतं. जमलं नाही तर सोडून द्या, पीआर टाकल्यावर तिकडची यंत्रणा तपासतेच. ‘मेक ब्लॅक’ने उदाहरणांतल्या पायथॉन कोडची मांडणी तपासली जाते. एक वॉर्निंग सगळ्यांना हमखास येते: शीर्षकाखालची रेघ छोटी आहे. शीर्षकात दोन अक्षरं वाढवली आणि खालची बरोबरची चिन्हं तेवढीच ठेवली की स्फिंक्स कुरकुरतं.

७. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट म्हणजे मार्कडाउनच ना?

नाही, आणि असं समजल्यानेच पहिल्या पीआरमध्ये घोळ होतात. कोडच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बॅकटिक (`) लागतात. एकच दिला तर अर्थ बदलतो. कोडच्या तुकड्याआधी दोन अपूर्णविराम (::), मग रिकामी ओळ, मग इंडेंट. दुसऱ्या पानाचा दुवा देताना पत्ता चिकटवायचा नाही, ‘रेफ’, ‘क्लास’, ‘सेटिंग’ असे रोल वापरायचे, म्हणजे पान हललं तरी दुवा तुटत नाही. क्लासच्या लांबलचक नावाआधी टिल्ड (~) दिलं की वाचणाऱ्याला फक्त शेवटचा भाग दिसतो. ओळ ८० अक्षरांच्या आसपास मोडा. शंका आली की शेजारची फाइल उघडा आणि तिथे कसं केलंय ते बघा.

८. प्रत्येक बदलाला तिकीट काढावं लागतं का?

टायपो किंवा तुटलेला दुवा असेल तर नाही, सरळ पीआर टाका. त्याहून मोठ्या बदलाला तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, लागतं, आणि ते गिटहबवर नाही, जँगोच्या ट्रॅक या यंत्रणेवर. तिथे कॉम्पोनंट ‘डॉक्युमेंटेशन’ निवडा. तिकीट ‘अ‍ॅक्सेप्टेड’ झाल्याशिवाय लिहायला बसू नका. उत्साहात पानभर लिहिलं आणि वरून ‘याची गरज वाटत नाही’ असं आलं की जीव हिरमुसतो.

दुसऱ्याने काढलेलं तिकीट मोकळं असेल तर “मी करू का?” विचारत थांबायचं नाही, स्वतःच्या नावावर घ्यायचं. आपल्याकडे परवानगी मागण्याची सवय फार. कोणी आधीच घेतलं असेल आणि बराच काळ हालचाल नसेल, तर तिकिटावर नम्रपणे विचारा आणि थोडी वाट पाहा.

कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) संदेश असा: ‘फिक्स्ड’, मग हॅशसह तिकीट क्रमांक, दोन जोडरेघा आणि भूतकाळातलं एक वाक्य, शेवटी पूर्णविराम.

९. चूक डॉक्सची की माझी, हे कसं ठरवायचं?

आमच्याकडे वारंवार येणारं उदाहरण घ्या. सकाळी दहाला नोंद केली, अ‍ॅडमिनमध्ये (जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांवर) साडेचार दिसतात. साडेपाच तास गेले कुठे? नवीन प्रोजेक्ट बनवला की सेटिंग्जमध्ये टाइम झोन ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेला असतो. मग कोणी तिथे ‘आशिया/मुंबई’ लिहून बघतं. तेही चालत नाही, कारण टाइम झोनच्या जागतिक यादीत भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ आहे. (गंमत म्हणजे सेटिंग्जमधून ती ओळच काढून टाकली तर जँगोचा मूळ डीफॉल्ट ‘अमेरिका/शिकागो’ लागू होतो. कॅन्ससच्या कचेरीचं घड्याळ अजून चालू आहे.)

आता डॉक्स तपासा. ट्यूटोरियलच्या दुसऱ्या भागात टाइम झोन आपला करून घ्या असं लिहिलंय. सेटिंग्जच्या पानावर डीफॉल्ट लिहिलंय, यादीचा दुवाही आहे. म्हणजे इथे पीआर नाही.

आमची पद्धत अशी. आधी ती माहिती डॉक्समध्ये कुठेच नाही ना, हे शोधून खात्री करायची. असली, तर वाचणारा अडखळताना ज्या पानावर होता तिथून ती सापडते का ते बघायचं. सापडत नसेल तर एक दुवा जोडण्याचा पीआर रास्त आहे. सापडत असेल आणि तरी एकामागून एक माणसं तिथेच पडत असतील, तर मांडणीवर तिकीट काढून चर्चा करायची. एकट्याला एकदा अडलं, एवढ्यावर परिच्छेद वाढवू नये. डॉक्स आधीच भरपूर मोठे आहेत.

१०. डॉक्स एक सांगतात, कोड वेगळंच करतो. खरं कोणाचं?

इथे घाई करू नका. कोडप्रमाणे डॉक्स बदलून टाकावेत असं पटकन वाटतं. पण डॉक्समध्ये लिहिलेलं वागणं हा वापरणाऱ्यांना दिलेला शब्द असतो आणि कोडमधला फरक हा बग असू शकतो. डॉक्स बदलले तर तो बग अधिकृत होऊन बसेल. आधी लहानसा प्रोजेक्ट करून फरक दाखवा, मग ‘गिट ब्लेम’ने (कुठली ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेने) ती ओळ आणि ते वाक्य कधी आलं ते बघा. कोड नंतर मुद्दाम बदललेला असेल तर डॉक्स मागे राहिलेत. तसं काही दिसलं नाही तर दोन्ही शक्यता मांडून तिकीट काढा आणि निर्णय जँगोच्या मंडळींवर सोडा.

११. पीआर टाकून बरेच दिवस झाले, कोणी बघतच नाही. काय करू?

फाउंडेशन मानधन देऊन ‘फेलो’ नेमतं. तिकिटं चाळणं, रिव्ह्यू करणं, मर्ज करणं (बदल आत घेणं) ही त्यांची कामं. बाकी सगळे स्वयंसेवक. त्यामुळे वाट बघणं आलंच.

पण आधी ट्रॅकवर तुमच्या तिकिटाकडे बघा. रिव्ह्यूनंतर ‘पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट’ची खूण लागलेली असते. सुधारणा केल्यावर ती खूण तुम्ही स्वतःच काढायची असते. ती तशीच राहिली तर तुमचं काम रिव्ह्यूच्या रांगेत दिसतच नाही आणि तुम्ही इकडे चातकासारखे बसून राहता. आमच्यातल्या अडकलेल्या पीआरमध्ये हे कारण फार वेळा निघालं आहे.

रिकाम्या वेळात दुसऱ्यांचे डॉक्सचे पीआर वाचा. बिल्ड करून बघा, उदाहरण चालतं का ते लिहा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

१२. रिव्ह्यूमध्ये माझं वाक्यच बदलून टाकलं. मग माझं काय उरलं?

तुम्ही दाखवलेली त्रुटी भरली गेली, ते उरलं. कमिटवर नावही तुमचंच राहतं. बदल पटला नसेल तर कारण देऊन सांगा, ऐकतात.

१३. मी ऑफिसात जुनी आवृत्ती वापरतो. तिचे डॉक्स दुरुस्त करता येतील का?

पीआर नेहमी ‘मेन’ ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) टाकायचा. तो मर्ज करणारी व्यक्ती गरजेनुसार सध्याच्या स्थिर ब्रँचवर बॅकपोर्ट करते (तोच बदल तिथेही नेते), तुम्ही दुसरा पीआर काढायचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. ज्यांचा आधार संपला त्यांच्या पानांवर असुरक्षित आवृत्तीचा इशारा दिसतो, तिथे दुरुस्त्या होत नाहीत. गूगलवरून एखाद्या पानावर आलात तर आधी आवृत्ती तपासा. निम्म्या ‘चुका’ तिथेच मिटतात.

१४. डॉक्स मराठीत आणता येतील का?

जँगोच्या अ‍ॅडमिनमधला वगैरे मजकूर मराठीत करण्याची सोय जँगोबरोबरच येते. डॉक्सचं भाषांतर वेगळं चालतं: ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर, स्थिर आवृत्तीचं, भाषेगणिक गट करून.

आमच्यात यावरून मतभेद आहेत, त्यामुळे हे माझं मत समजा. ट्यूटोरियल मराठीत असावं. पहिल्या पायरीवर भाषेचा अडसर खरा असतो. रेफरन्सच्या मागे मात्र लागू नये. साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि शिळं भाषांतर हे भाषांतर नसण्यापेक्षा जास्त नडतं. कारण वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

१५. एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का?

व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण वापर केल्याचं पीआरमध्ये सांगा. मजकूरच लिहून घेतला तर त्यात नसलेले पॅरामीटर बेमालूम येऊन बसतात आणि ते शोधण्याचा भार स्वयंसेवकावर पडतो. आमच्या गटाचा नियम: प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून बघितलेलं असावं आणि प्रत्येक वाक्य का लिहिलं ते सांगता यावं. शिवाय प्रश्न ३ मधली वही कुठलंही मशीन तुमच्यासाठी लिहू शकत नाही, कारण अडखळलेले तुम्ही असता.

१६. मी ऐरोलीत नोकरी करतो. कंपनीच्या लॅपटॉपवरून पीआर टाकू का?

नको. बऱ्याच नेमणूक करारांत, तुम्ही नोकरीत असताना लिहिलेल्या सगळ्यावर कंपनीचा हक्क सांगणारं कलम असतं. ते वाचा आणि शंका असेल तर एचआरला लेखी विचारा. तोंडी “चालेल रे”वर विसंबू नका. किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे गेलात की जँगो तुमच्याकडून सीएलए, म्हणजे योगदानाचा परवाना देणारा करार, मागतं. त्यावर सही करण्याआधी कंपनीचं कलम माहीत असलेलं बरं.

आणि गिटमध्ये ईमेल कुठला आहे ते पहिल्या कमिटआधीच बघा. ऑफिसचा असेल तर तो जगजाहीर इतिहासात कायमचा राहतो. गिटहब देतं तो ‘नो-रिप्लाय’ पत्ता वापरता येतो.

१७. डॉक्समधलं उदाहरण जसंच्या तसं वापरलं तर साइटला धोका होईल, असं दिसलं. तिकीट काढू का?

इथे प्रश्न ८ लागू होत नाही. ट्रॅकवरचं तिकीट सगळ्या जगाला दिसतं. सुरक्षेची शंका जँगोच्या सिक्युरिटी टीमला खाजगी ईमेलने कळवायची, पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर आहे. सोबत उदाहरणाचा दुवा, धोका कसा उद्भवतो त्याच्या पायऱ्या आणि आवृत्ती द्या. विषय फक्त डॉक्सपुरता निघाला तर ते स्वतःच सांगतात की सार्वजनिक तिकीट काढा. तोवर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका.